माझं बोट, प्रमाण वजन

आमच्या गल्लीतले चार ऑक्सिमीटर मी एका आठवड्यात बाद ठरवले. चारही बरोबर होते.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. गारखेड्यात छोटं दुकान आहे, राहायला पुंडलिकनगर. धान्याच्या मोंढ्यातल्या आडतीपासून भंगारवाल्यापर्यंत कुणाचाही काटा अडला की मला बोलावणं येतं. वडिलांचाही हाच धंदा होता. म्हणजे दोन पिढ्या आम्ही खरंखोटं तोलून देण्यावर जगतोय, आणि त्यातल्या दुसऱ्या पिढीनं काय दिवे लावले ते आता सांगतो.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्याकडं घरोघरी ते मशीन आलं. कपड्याच्या चिमट्यासारखं. बोटात अडकवलं की रक्तात ऑक्सिजन किती त्याचा आकडा दिसतो. पंच्याण्णवच्या वर असलं की निवांत, खाली गेलं की दवाखाना, एवढं सगळ्यांना पाठ झालेलं. पण स्वस्तातली मशीनं, कुणाचं काही दाखवायचं, कुणाचं काही. मोजायचं यंत्र आहे ना, मग मिलिंदचं काम, असं गल्लीनं ठरवलं. मी नाही म्हणालो नाही. चार लोक बघत असले की नाही म्हणणं मला जमत नाही.

काटा तपासायची रीत सोपी असते. सरकारी शिक्क्याचं एक प्रमाण वजन असतं, ते काट्यावर ठेवायचं. काट्यानं तेवढंच दाखवलं तर काटा पास. आता ऑक्सिजनचं प्रमाण वजन कुठून आणायचं? मी माझं बोट वापरलं. उजव्या हाताची तर्जनी. ते बोट रोज अठ्ठ्याण्णव दाखवायचं. मग ज्या मशीनवर माझं बोट अठ्ठ्याण्णव, ते मशीन पास. लोक दारात उभे राहायचे, मी चष्मा पुसायचो, बोट अडकवायचो, डोळे मिटायचो. डोळे मिटायची काही गरज नव्हती. मग म्हणायचो, "पास आहे, घेऊन जा." फक्त शिक्का मारायचं बाकी ठेवलं होतं.

वर सल्ला फुकट. वास गेला का, चव गेली का, अंग दुखतंय का, जिना चढताना दम लागतो का. लक्षणं मला तोंडपाठ होती. दुसऱ्यांची.

मिरची

मोंढ्यात रफीकभाईंची मिरचीची आडत आहे. तिथं काटा दुरुस्त करायचा म्हणजे शिक्षा. नवीन माणूस दोन मिनिटांत शिंकायला लागतो, डोळे गळायला लागतात. त्या दिवशी मी पोत्यांच्या मधोमध मांडी घालून तासभर काटा खोलून बसलो आणि मला काही झालं नाही. हमाल तोंडाला फडकी बांधून खोकत होते. मी आरामात.

रफीकभाई बघत होते. म्हणाले, "क्या मिलिंदभाई, तुमको ठसका नै लग रा?"

"आदत है, रफीकभाई."

"मेरी पूरी उमर इधर गई, मेरे को आदत नै हुई. तुमको कैसे हुई?"

या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते मी गल्लीभर लोकांना सांगत फिरत होतो. नाकानं काम सोडलेलं होतं. पण मी हसलो आणि घरी येऊन सुजाताला फुशारकीनं सांगितलं, की बघ, आडतवाले रडत होते आणि तुझा नवरा हलला नाही.

सुजाता माझी बायको. तिनं त्याच दिवशी ताटात वाढलेली वांग्याची भाजी मला सपक लागली. मी म्हणालो, मीठ विसरलीस. ती म्हणाली, नाही विसरले. मी वरून घेतलं, अजून घेतलं. तिनं माझ्या ताटातला घास खाऊन बघितला आणि पाण्याचा तांब्या उचलला.

"हे तुम्हाला बरं लागतंय?"

"आता कुठं चव आली."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, भाजीला नाव ठेवलं म्हणून रागावली.

अंग दुखत होतं, ते मणामणाची वजनं उचलून. अंग गरम होतं, ते आमच्या गावच्या उन्हानं. दुकानाच्या तीन पायऱ्या चढून धाप लागली, ती वयानं. प्रत्येक लक्षणाला माझ्याकडं एक दाखला तयार होता. दुसऱ्या कुणी हे सगळं एकत्र सांगितलं असतं तर मी त्याला हाताला धरून तपासणीला नेलं असतं. छे, हाताला धरलं नसतं. लांबूनच हाकललं असतं.

मग बोट ब्याण्णव दाखवायला लागलं. पहिल्यांदा आमच्याच मशीनवर. मी सेल बदलले. तरी तेच. मशीन गेलं म्हणून बाजूला ठेवलं. गल्लीतली दोन मशीनं तपासायला आली होती, त्यांवरही तेच. तीही बाद केली आणि माझ्या टेबलावर ठेवून घेतली. एका लॉटमधली असतील, सगळी खराब निघाली, असं मी त्या लोकांना समजावूनही सांगितलं.

चौथं मशीन जनामावशीचं.

फेकून दे

समोरच्या घरात नामदेव राहतो, चिकलठाण्याला कंपनीत आहे. जनामावशी त्याची आई. फुलंब्रीच्या पलीकडच्या गावची. सगळी हयात मेंढरांमागं फिरण्यात गेली, म्हातारपणी लेकाकडं आली आणि दारातल्या पायरीवर बसून गल्ली राखायला लागली. येणाऱ्या-जाणाऱ्यावर तिचा शेरा ठरलेला. माझ्याबद्दलचा शेरा असा, की "मिलिंदा बोलतो लई, मोजतो कमी."

त्या दिवशी पायरी रिकामी होती. मला ते दिसलं, पण मी त्याचाही अर्थ ऊन असाच लावला.

नामदेव मशीन घेऊन आला. चेहरा उतरलेला.

"भाऊ, आईचं नव्वद दाखवतंय. परवा तूच पास केलतं ना हे?"

"खोकला आहे का तिला?"

"हाय थोडा. जेवण गेलंय. ती म्हणते उन्हाचं हाय."

मी मशीन घेतलं, बोट अडकवलं, डोळे मिटले. उघडून बघतो तर ब्याण्णव. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. वर्गात उत्तर आल्यावर पोराला होतो तसा.

"हे बघ, माझंसुद्धा ब्याण्णव दाखवतंय. मी समोर धडधाकट उभा आहे. मशीन गेलं, नाम्या."

"म्हंजी आईला काय नाय?"

"तिला काय धाड भरलीय. फेकून दे हे, नवीन घे."

नामदेवनं सोडलेला श्वास मला अजून ऐकू येतो. त्याचे खांदे खाली आले. तो हसला, मीही हसलो. हसताना मला ठसका लागला, तो मी मिरचीच्या खात्यावर टाकला.

तीन काटे

संध्याकाळी मी सुजाताला रफीकभाईंचा किस्सा परत सांगत होतो. हा किस्सा मी एव्हाना पाचसहा जणांना सांगून घासूनपुसून चकचकीत केला होता. पण मधेच थांबलो. पुढं बोललो, परत थांबलो. ज्या वाक्यावर लोक हसतात ते वाक्य दोन तुकड्यांत पडलं.

सुजाता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तुमची गोष्ट लंगडतीय," ती म्हणाली.

"परिणामासाठी... थांबलो."

"लग्न झाल्यापासून तुम्ही बोलताना कधी थांबला नाहीत. घरात कुणी मेलं तरी थांबला नाहीत."

ती टेबलाकडं गेली. बाद केलेली तिन्ही मशीनं उचलून आणली आणि एकेक करून माझ्या बोटात अडकवली. नव्वदच्या आतबाहेर, तिन्हींवर सारखंच. मग तिनं तीच मशीनं स्वतःच्या बोटात घातली. सत्त्याण्णव. सत्त्याण्णव. सत्त्याण्णव.

"तीन काटे आहेत," ती म्हणाली. "तुमच्यावर तिन्ही कमी दाखवतात, माझ्यावर तिन्ही बरोबर. आता सांगा, धंदा तुमचा आहे."

मी चष्मा पुसला आणि चप्पल शोधायला लागलो.

पुढचं सगळ्यांनी पाहिलंय, लांबवत नाही. तिच्या स्कूटीवर मागं बसून तपासणी, छातीचा फोटो, मग खाटेसाठी फोनावर फोन. मेहुण्याच्या ओळखीतून सरकारी सेंटरला एक खाट मिळाली. गेटच्या आत घरच्यांना सोडत नव्हते. सुजातानं पिशवी दिली. टॉवेल, साबण, लिंबाच्या लोणच्याची बाटली.

तिथं गेटवर मला जनामावशी आठवली.

मशीन बरोबर होतं, तर मावशीचं नव्वदही बरोबर होतं. हे सुजाताला सांगायचं होतं. एक वाक्य. नामदेवला म्हणावं, आईला आत्ता दवाखान्यात ने. मी तोंड उघडलं आणि म्हणालो,

"चार्जर टाकलास ना?"

"टाकलाय," ती म्हणाली. मला आत नेलं.

का सांगितलं नाही, याचा मी नंतर खूप विचार केला. वॉर्डात श्वास नीट मिळावा म्हणून पालथं झोपवायचे, दुसरं काम नव्हतं. आजारी पडल्याची लाज नव्हती. डोळे मिटून बोट अडकवणारा माणूस खोटा निघाला, हे बायकोच्या तोंडावर कबूल करायचं होतं, ते जमलं नाही. तेवढ्यासाठी मी म्हातारीची एक रात्र वाया घालवली.

पालथं पडा

वॉर्डात सगळ्यात आधी अंगावर येतो तो आवाज. नळीतून सतत हवा सुटल्याचा, सगळ्या खाटांवरून. डॉक्टर, सिस्टर, सगळे पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखात, चेहरे नाहीत. पाठीवर पेननं नाव लिहिलेलं असायचं, म्हणून माणूस पाठ फिरवून निघाल्यावर कळायचं कोण आलं होतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर फर्दापूरचे रंगनाथराव. लेण्यांच्या पायथ्याशी पर्यटकांना चमकणारे दगड विकायचे. त्यांनी मला पहिल्याच दिवशी तंबी दिली.

"पाव्हणं, पालथं पडा आन् गप पडा. बोलण्यात हवा वाया जाती."

"पर्यटक बंद झाले, मग दगडांचं काय केलंत?"

"पडून हायेत. नासत तर नाय ना." मग दम खाऊन म्हणाले, "तुम्ही मातर लई बोलता बरं का."

सकाळी पहिल्यांदा बोलायला जरा दम मिळाला तेव्हा मी नामदेवला फोन लावला. बंद. परत लावला, बंद. मग सुजाताला लावला आणि सगळं सांगितलं.

"हे तुम्ही मला काल गेटवर का नाही सांगितलं?"

"दम लागत होता."

"चार्जरचं विचारायला दम होता." मग म्हणाली, "बघते मी."

दुपारी तिचा फोन आला तो वेगळ्याच गोष्टीसाठी. तिचीही तपासणी झाली होती, तिलाही लागण. ताप होता, श्वास ठीक होता. घरात एकटी. डबा द्यायला कोण येणार, स्वतःच भात टाकून खात होती. मी म्हणालो, माझ्यामुळं. ती म्हणाली, मग काय शेजाऱ्यामुळं?

"मावशी?"

"आहे."

"आहे म्हणजे?"

"आहे म्हणजे आहे. तुम्ही पालथे झोपा."

पुढं रोज हेच. मी विचारायचो, ती म्हणायची आहे. खोटं वजन हातात घेतलं की मला कळतं. तिचं ते "आहे" हलकं होतं. एकदा मी हट्टच धरला तर म्हणाली, "तुम्हाला ब्याण्णव दाखवलं त्या दिवशी मला का नाही बोललात? मी काय करणार होते, ओरडणार होते?"

"मला वाटलं मशीन..."

"मशीनचं नाव काढू नका माझ्यापुढं." फोन ठेवला. ती रडत होती, आणि मी पालथा.

मग नामदेवचा मेसेज आला. "आई ॲडमिट हाय." एवढाच. कुठं, कशी, कधीपासून, काही नाही. मी उत्तर लिहिलं, खोडलं. लिहिलं, खोडलं. आयुष्यभर शब्दांची कमतरता पडली नव्हती. शेवटी "बरं" लिहिलं, आणि तेही पाठवून पस्तावलो.

त्या दिवसांत मला वडील फार आठवले. दर वर्षी ते आमची सगळी प्रमाण वजनं पेटीत भरून वजनमापं कार्यालयात घेऊन जायचे, तिथल्या वजनाशी ताडून आणायला. मी लहानपणी विचारलं होतं, लोखंडाला काय होतंय? ते म्हणाले, हातात घेऊन घेऊन झिजतं. आपल्या हाताला कळत नाही. काट्यावर शंका घ्यायच्या आधी वजनावर घ्यायची.

हे मी इतक्या लोकांना धंद्यातली गंमत म्हणून सांगितलंय. बोटात मशीन घालताना एकदाही आठवलं नाही.

एका सकाळी रंगनाथरावांना वरच्या मजल्यावर नेलं. वर म्हणजे व्हेंटिलेटर. स्ट्रेचरवर घेताना त्यांनी माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं, बोलू नको म्हणून. दुपारी खाटेवर नवीन चादर आली, मग नवीन माणूस. मी सिस्टरला विचारलं, ती म्हणाली वरचं आम्हाला कळत नाही हो काका. आजही मला माहीत नाही. फर्दापूरला जाऊन विचारता येईल. अजून गेलो नाही.

आणि त्याच आठवड्यात नाक परत आलं. पहाटे फरशी पुसायला आलेल्या बाईनं बादली ठेवली आणि मला फिनाईलचा वास आला. मी इतका खूश झालो की त्या बाईला म्हणालो, काय छान वास आहे. तिनं बादली उचलून जरा लांब नेली.

समोरचं दार

घरी आलो तेव्हा सुजाता दारात भिंतीला टेकून उभी होती. दोघांच्याही गालांची हाडं वर आलेली. तिनं आधी माझं बोट मशीनमध्ये घातलं, आकडा बघितला, मग म्हणाली, "या."

समोरची पायरी रिकामीच होती. दाराला कुलूप. सुजातानं तेव्हा मला खरं सांगितलं. ती विचारायला गेली त्याच्या आधीच सकाळी मावशीला दवाखान्यात नेलं होतं. नंतर बरेच दिवस अतिदक्षता विभागात. जगेल की नाही सांगता येत नाही, असंच डॉक्टर म्हणत होते. म्हणून ती "आहे" म्हणायची. त्या दिवसापुरतं तेवढंच खरं होतं.

मी ती दोन मशीनं ज्यांची होती त्यांना परत केली. दोघांनाही सांगितलं, मशीन चांगलं आहे, माझंच नासलं होतं. एक हसला. दुसऱ्याच्या बायकोनं मशीन सॅनिटायझरच्या कापडानं पुसून घेतलं, माझ्यासमोर.

मावशी घरी आल्याचं मला गाडीच्या आवाजावरून कळलं. घरी मशीन लावून ऑक्सिजन द्यायचा होता. मी जायला आणखी काही दिवस लावले. सुजाता रोज विचारायची, गेलात का. शेवटी म्हणाली, "गेटवर जे केलं तेच परत करताय." मग मास्क लावून गेलो.

अंगणात नामदेव भेटला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "डॉक्टर म्हणले, आदल्या दिशी आणली असती तर एवढं फुफ्फुस गेलं नसतं." मी म्हणालो, हो. दुसरं काय म्हणणार. तो म्हणाला, "जा आत. झोपली नाय ती."

मावशी खाटेवर उशीला टेकून बसलेली. निम्मी झाली होती. नाकात नळी, खाली मशीन घरघरत होतं. चार शब्द बोलली की थांबायची. खाटेपासून दारापर्यंतसुद्धा तिला चालता येत नव्हतं, आणि पायरी तर त्याच्याही पलीकडं.

"मावशी, माझं चुकलं."

"व्हय, चुकलंच."

मी तयारी करून गेलो होतो, की ती म्हणेल जाऊ दे, आणि मग मी पुढचं बोलेन. तिनं जाऊ दे म्हटलं नाही. नामदेवची बायको रेखा पाणी घेऊन आली. तिनंच मग सांगितलं. मी फेकायला सांगितलेलं मशीन नामदेव कचऱ्यात टाकत होता, तर मावशीनं हातातून घेतलं. चांगली दिसणारी वस्तू टाकायची नसते म्हणून उशाखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मावशीला उठून बसवेना, तेव्हा रेखानं ते शोधलं, आधी स्वतःच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. मग सासूच्या. आकडा बघून तिनं नामदेवला हाक मारली, आणि ते तसेच निघाले. फोन घरीच राहिला, बॅटरी संपून बंद पडला.

हे मी लिहितोय ते तुम्ही वाचून काही शिकावं म्हणून. शिकण्यासारखं फार नाही. वास जातोय, जेवण सपक लागतंय, बोलताना दम तुटतोय, तर तपासून घ्या, त्याच दिवशी. आकडा कमी आला तर डॉक्टरला सांगा, मशीन खोटं आहे असं समजावून सांगणाऱ्या माणसाला नको. तो माणूस तुमच्या गल्लीतही आहे. चांगलं बोलतो तो.

मावशीनं उशाखालून ते मशीन काढलं, रुमालात गाठ मारून ठेवलेलं. गाठ सोडताना तिला दोनदा थांबावं लागलं. बोटात अडकवून तिनं आकडा बघितला आणि मान हलवली. मला तो दिसला नाही. सवयीनं मी हात पुढं केला, बघू म्हणून, तर्जनी आपोआप ताठ झालेली.

तिनं मूठ मिटून घेतली.

"फेकायचंच व्हतं," मावशी म्हणाली, मग श्वास घेतला, "तर मशीन कशापायी? तुला फेकायला पायजे व्हतं."